जुन्या अवजाराचा हट्ट

सासऱ्यांचा आवाज काल संध्याकाळी दुसऱ्यांदा गेला. पहिल्यांदा गेला तो ऑपरेशनमध्ये, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं तेव्हा. दुसऱ्यांदा गेला तो जुना लॅपटॉप बंद पडला म्हणून.

आयुष्यभर बसस्थानकावर गाड्या पुकारलेला माणूस. घरात साधं ‘दार लावा’ म्हणाले तरी शेजारचा आपलं दार लावून घ्यायचा. म्हणून ऑपरेशन ठरल्यावर मुलानं त्यांना रोज समोर बसवून वाक्यांमागून वाक्यं वाचून घेतली आणि त्यातून एक प्रोग्रॅम तयार केला. बाबा टाइप करायचे आणि लॅपटॉप त्यांच्याच आवाजात बोलायचा. दुरुस्तीवाल्यानं आता डिस्क तेवढी वाचवली होती. नवा लॅपटॉप घरात होता, पण त्याची सिस्टिम निराळी. जुन्यावर चालणारा प्रोग्रॅम त्याच्यावर उघडेचना. मूळ कोडपासून तो नव्यानं बांधून घ्यायला हवा होता, आणि तेही दुपारच्या आत.

कारण बाबांची थोरली बहीण दूरच्या शहरात हॉस्पिटलमध्ये होती. आतड्याला पीळ पडलेला. डॉक्टर म्हणाले, बाराच्या आधी ऑपरेशनला घ्यायला हवं, नंतरचं आम्ही काही सांगू शकत नाही. मुलगा आत्याजवळ पोचला होता, पण आत्या होकार देईना.

“भोंग्याशी बोलल्याशिवाय मी हलणार नाही,” ती म्हणाली. बाबांना भोंगा हे नाव तिनंच लहानपणी ठेवलेलं.

“आत्या, बाबा लिहून देतील, माझी बायको फोनवर वाचून दाखवेल ना,” मुलगा म्हणाला.

“त्याच्या नावानं सगळेच बोलतात. त्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही ‘अगदी मजेत आहे’ म्हणून तूच सांगत होतास. आणि तो तेव्हा आयसीयूत होता.”

आत्याला जन्मापासून दिसत नव्हतं. चिठ्ठी तिला चालणार नव्हती, व्हिडिओ तर नाहीच. तिला माणूस कळायचा तो कानानं.

तेव्हा सगळं येऊन पडलं सुनेवर. ती एका कंपनीत टेस्टर होती. लोकांनी बांधलेलं मोडून बघायचं हा तिचा धंदा. बांधायचं काम नवऱ्याचं. जेवणाच्या टेबलावर नवा लॅपटॉप उघडून ती बसली होती. समोर बाबा, हातात पाटी. मधूनच ते बोटांनी टेबलावर टकटक करत आणि तिनं मान वर केली की नुसत्या भुवया उंचावत. झालं का?

“होतंय, बाबा.”

होत नव्हतं. नवऱ्यानं प्रोग्रॅमबरोबर तो बांधणारं अवजारही, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम करणारं सॉफ्टवेअर, त्याच गाठोड्यात कोंबून ठेवलं होतं. कुणाच्याही मशिनवर काही वेगळं बसवायला लागू नये, हा त्याचा विचार. विचार चांगला होता, पण ते अवजार आता म्हातारं झालं होतं. सुरू केलं की पहिल्यांदा ते मशिनला विचारायचं, तू कोण? उत्तर आलं की आपल्या यादीत शोधायचं. हा लॅपटॉप बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ती यादी बंद झालेली. ‘अनोळखी मशिन’ म्हणायचं आणि ठप्प.

तिनं यादीत एक ओळ घुसवली, नव्या मशिनला जुन्याचं नाव दिलं. काम पुढे सरकलं. पडद्यावरून अक्षरं धावू लागली तशी बाबा खुर्चीत पुढे सरकले. अर्ध्यावर सगळं पुन्हा थांबलं. जुन्या अवजारानं जुन्या भाषेत काहीतरी मागितलं होतं आणि नवी सिस्टिम ते ओळखतच नव्हती.

तिनं नवऱ्याला फोन लावला.

“ते तुझं अवजार काढून टाकते. आजकालचं बसवते.”

“अगं, त्याला हात लावू नकोस! सगळं त्याच्यावर उभं आहे.”

“उभं कुठंय? आडवं झालंय. वर्षभर ओरडतेय मी, ते बदल म्हणून.”

“चालत होतं ना!”

“एकाच लॅपटॉपवर चालत होतं. आत्या कशी आहे?”

“पोट दगडासारखं झालंय. आता ओरडतही नाहीये. नर्स दोनदा येऊन गेली. तुला हवं ते कर.”

तिनं ते फोल्डर उडवलं. बाजूला ठेवलं असतं तर प्रोग्रॅम पुन्हा त्यालाच शोधत गेला असता. मागे एकदा गेलाही होता. मग आजचं अवजार उतरवून घेतलं. त्यानं बांधणीच्या सूचनांची फाइल पाहिली आणि हात झटकले: इतक्या जुन्या सूचना मी पाळत नाही. म्हणजे म्हातारा नव्याला ओळखत नव्हता आणि नवा म्हाताऱ्याला विचारत नव्हता. मधल्यामध्ये घड्याळ मात्र पळत होतं.

बाबांनी पाटी पुढे केली. ‘तू वाच. मी ताईची माफी मागेन.’

“ती ऐकणार नाही, बाबा. तुम्हीच ओळखता तिला.”

त्यांनी पाटी पुसली. सुनेनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. सूचनांची फाइल उघडून ती वरपासून एकेक ओळ बदलत गेली. चालवायची, आपटायची, कुठं आपटली ते बघायचं, पुन्हा. हे मात्र तिचं रोजचंच काम. नाक्यावरच्या कारखान्याचा अकराचा भोंगा झाला तेव्हा पहिला भाग बांधून झाला होता. त्यानंतर दुसरा. शेवटी पडद्यावर एकही लाल ओळ उरली नाही.

तिनं टाइप केलं, ‘ताई’.

लॅपटॉप गप्प.

आवाज बाहेर काढणारा तुकडा जुन्या सिस्टिमपुरताच लिहिलेला होता, तो इथं मुकाच राहणार. तो नव्यानं लिहायला दिवस गेला असता. तिनं डोळे घट्ट मिटले, उघडले. आवाज बाहेर येत नसेल, पण तयार तर होत असेल? तिनं प्रोग्रॅमला तो फाइलमध्ये ठेवायला सांगितला आणि ती फाइल हातानं वाजवली.

“ताई,” टेबल दणाणलं.

बाबा ताडकन उठले.

फोन स्पीकरशेजारी ठेवला. पलीकडे मुलानं आपला फोन आत्याच्या कानाला लावला. प्रत्येक वाक्याला वेळ लागत होता: बाबांनी टाइप करायचं, फाइल बनायची, सुनेनं ती वाजवायची. मुलानं आधीच सांगून ठेवलं होतं, ‘ऑपरेशन करून घे’ एवढंच म्हणा. बाबांनी तसं काही टाइप केलं नाही.

“ताई, तुला काय वाटतंय?”

“भोंग्या?” आत्या म्हणाली. “इतका वेळ का लावतोस बोलायला?”

सुनेचं बोट फाइल वाजवायच्या बटणावर तयार होतं. बाबा एका बोटानं टाइप करत होते, चुकत होते, खोडत होते. फोनमधून डॉक्टरांचा कुणाशी तरी बोलण्याचा आवाज येत होता.

“मशिन नवीन आहे. सून हातानं वाजवते आहे.”

“मला भीती वाटते रे,” आत्या म्हणाली. “हे सगळे काही होत नाही, काही होत नाही म्हणतात. काही होत नसेल तर कापतात कशाला?”

मुलगा काहीतरी बोलायला गेला. “तू गप्प बस,” आत्या म्हणाली.

बाबांनी या वेळी पटापट टाइप केलं.

“मीपण घाबरलो होतो. तुला कळवू नका म्हणून मीच सांगितलं होतं. पोराची चूक नाही. होतं काहीतरी, ताई. माझा आवाज गेला. पण मी आहे. तू ये परत.”

सुनेनं फोनचा आवाज आणखी वाढवला.

“बांगड्या काढा माझ्या,” आत्या कुणाला तरी म्हणाली. “आणि हा पोरगा बाहेर उभा राहील का, विचारा. राहा रे, पोरा.”

दुपार भयंकर गेली. बाबांनी टेबलावरून उठायला नकार दिला. सून मधे मधे त्यांच्यासमोर पाणी ठेवत होती, ते तसंच राहत होतं. फोन आला तेव्हा दोघांनीही एकदमच हात पुढे केला.

“झालं ऑपरेशन,” मुलगा म्हणाला. “आतड्याचा थोडा भाग काढावा लागला. दोन-तीन दिवस काळजीचे आहेत. पण शुद्धीवर आलीये. थंडी वाजतेय म्हणून नर्सला शिव्या देतेय.”

सुनेनं फोन बाबांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. रडणं संपल्यावर तिनं तोंड धुतलं आणि सकाळचं अन्न गरम केलं. बाहेर आली तर बाबा लॅपटॉपशी झटत होते. त्यांनी काहीतरी टाइप केलं होतं, पण ते वाजवायचं कसं हे त्यांना जमत नव्हतं. तिनं वाकून फाइल वाजवली.

“जेवायला वाढ,” आवाज गरजला, “आणि तूही बस.”