धोंडप्पाचा ताठा

धोंडप्पाचा उजवा पाय चोपन्न वर्षं गुडघ्यात वाकला नव्हता, आणि तो मेल्यावरही कुणी वाकवू नये एवढीच गंगम्माची मागणी होती. पहाटे ऐंशीच्या घरातल्या नवऱ्यानं जीव सोडला, तेव्हापासून ती त्या पायाशी बसून होती.

एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा गुडघ्यात घुसला. फौजेनं पेन्शन दिली आणि ताठ पाय देऊन घरी पाठवलं. पुढं तीस वर्षं त्यानं उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात रखवाली केली. मठाच्या पंगतीत त्याला मांडी घालता येईना. पाय लांब सोडावा तर समोरच्याच्या ताटाला लागणार, म्हणून तो भिंतीला टेकून उभ्यानं जेवायचा. गाव म्हणायचं, "मिल्ट्रीचा ताठा हाय त्येला." एकदा मठाच्या विश्वस्तानं त्याला भरल्या पंगतीतून बाहेर काढलं. काय ती गावाची अक्कल! "धोतर वर करून गुडघा दाखवा की," गंगम्मा म्हणाली, तर हा म्हणतो, "भीक मागायची हाय का?" तेवढा एक ताठा त्याच्यात खरा होता. मठात मात्र तो पुन्हा जेवला नाही.

आता समाजाच्या रिवाजाप्रमाणं त्याला बसवून पुरायचं होतं, मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन. खड्डा त्याच मापाचा खणला होता. धाकटा दीर महादेवप्पा चार माणसं घेऊन आत आला.

"वैनी, सरका. मांडी घालावी लागती."

"त्यो पाय वाकत न्हाई. खड्डा हातभर लांब खणा. काय जातंय तुमचं?"

"लोक काय म्हनतील? पाय पसरून शिवापुढं जायचं?"

"मी जलमभर तसंच वाढलंय त्येनला. शिवाला चालत न्हाई व्हय?"

महादेवप्पानं बायांना खूण केली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "आवरा, उशीर व्हायलाय!" दोन बायांनी गंगम्माला दंडाला धरून ओसरीवर आणलं. आतून आवाज आला, वाळली तुराटी मोडावी तसा. गंगम्मानं तोंडात पदर कोंबला. तिला त्या सगळ्यांची किळस आली.

धोंडप्पाला मांडी घालून, हार घालून वाजतगाजत नेलं. खड्ड्यापाशी भाषण करायला उभा राहिला तोच विश्वस्त, आता दात पडलेला. धोंडप्पांनी देशासाठी रक्त सांडलं, गावाची मान उंच केली, असं बरंच बोलून झाल्यावर त्यानं आवाज चढवला, "आन् आमचे धोंडप्पा कुनापुढं वाकले न्हाईत!"

टाळ्या पडल्या. गंगम्मा बायांतून उठून पुढं आली.

"वाकले की. आत्ताच, घरी. पाच जनांनी धरून वाकवलं."

महादेवप्पा तिला आवरायला धावला. तिनं त्याचा हात झटकला आणि विश्वस्ताकडं बघितलं.

"आता मांडी घातलीया त्येनी. घ्या, पंगतीत घ्या."