पंधरा युनिटांच्या आत

नव्या पाणीदराने सगळ्या गल्लीची झोप उडवली होती. महिन्याला पंधरा युनिटं स्वस्त. सोळावं लागलं की अख्खं बिल तिप्पट. घरात एक माणूस असो की सहा, मर्यादा तीच. हा हिशेब ज्या कोणी काढला, त्याने जन्मात एक चादर तरी धुतली असेल का?

गल्लीतल्या एका घरात थोरल्या सुनेला रोज दोन धुवाव्या लागायच्या. सासऱ्यांनी अंथरूण धरलं होतं, त्यांना लघवीचं भान राहत नव्हतं. कपड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात, आंघोळ अर्ध्या बादलीत, असं करता करता तिच्या कमरेचा पार काटा ढिला झाला होता. वर नवरा रोज संध्याकाळी मीटर बघून यायचा आणि दारातूनच आकडा ओरडायचा. मागच्या महिन्यात सोळा युनिटं झाली, तेव्हा तीही वैतागून बोलून गेली, "मी काय करू? सगळं पाणी चादरीच खातात!"

सासऱ्यांची खोली शेजारीच होती.

या महिन्यात मात्र चादरी सकाळी कोरड्या निघायला लागल्या. औषधाला गुण आला म्हणून तिला हायसं वाटलं. सव्वीस तारखेला मीटर अकरावर होतं, आणि सासरे तापाने फणफणले होते. ओठ फुटलेले, जीभ कोरडी ठाक.

डॉक्टर घरी आले. "पाणी किती पितात हे?"

"तांब्या भरून ठेवते की उशाशी," ती म्हणाली. तांब्या भरलेलाच होता. रात्रीही तेवढाच होता. तिने पाहिलं होतं आणि लक्ष दिलं नव्हतं.

"दोन घोट पुरतात मला," सासरे पुटपुटले. "चादर कोरडी राहते."

तिला स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली. डॉक्टर गेल्यावर तिने पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

"बाबा, तुमच्या पाया पडते. प्या हो."

"आज तारीख किती?"

डोळे पुसून ती म्हणाली, "एक."

"नवा महिना लागला होय? मग दे."

एका दमात त्यांनी तीन पेले संपवले, आणि चौथ्यासाठी हात पुढे केला.