तीन नंबरचा सिलिंडर

इंजिनाचा दोष दाखवणाऱ्या स्कॅनरपेक्षा माझा माझ्या कानावर जास्त भरवसा आहे, आणि त्याचा मला थोडा माजही आहे. त्या सकाळी धाकट्या बहिणीने मागच्या शेडमधून गाडी काढून गॅरेजच्या दारात उभी केली, तेव्हा हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या आत मला कळलं होतं की चारांतला एक सिलिंडर काम सोडून बसलाय. सगळी गाडी थरथरत होती. मागच्या सीटवर दोन्ही भाचे त्या थरथरीत "आ" असा सूर लावून स्वतःच्याच आवाजावर खिदळत होते.

बहिणीला मात्र हसू येत नव्हतं. तिला दुपारपर्यंत घाट उतरून घर गाठायचं होतं. तो घाट मला पाठ आहे. चढ साधा, पण माथ्यापलीकडे बारा किलोमीटर नुसता उतार, आणि वळणावळणाला दरी. आठ दिवस गाडी शेडमध्ये धड उभी होती, मग आजच हिला काय धाड भरली, असं ती म्हणाली.

मी इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या, प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर काढून बघितली. पहिली काढली, इंजिन गचके खायला लागलं. दुसरीला तेच, चौथीला तेच. तिसरी काढली तर इंजिनाला पत्ताच नाही. चोर सापडला. इंजिन बंद करून ती कॉइल उपसली, तर तिचं रबर ओलं आणि खाली प्लगच्या खड्ड्यात निळसर पाणी. बोट बुडवून वास घेतला. साबण.

मी हळूच मागे बघितलं. वडील दारात उभे होते.

सगळी वस्ती त्यांना वस्ताद म्हणते. हे गॅरेज त्यांचं, माझे कानही त्यांनीच घडवलेले. घरातली कुठलीही गाडी लांब निघाली की आदल्या संध्याकाळी ते चार बाटल्या घेऊन तिच्यापाशी जातात: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि काच धुवायचं निळं साबणपाणी. जे कमी असेल ते भरायचं आणि बॉनेट स्वतःच्या हाताने लावायचं. त्यांचा हात फिरल्याशिवाय आमच्याकडची गाडी फाटकाबाहेर जात नाही. पण गेल्या सहा महिन्यांत त्या हाताला कंप आलाय. दोनदा ते दुकानात जाऊन घरचा रस्ता विसरले. बायको म्हणते, आता त्यांना गॅरेजमधून सोडवा. मी विषय टाळतो. वस्तादाला गॅरेज बंद करायचं म्हणजे काय, हे तिला कसं सांगू? मला ते जमणार नाही, आणि खरं तर मला त्याची भीती वाटते.

म्हणून मी तोंड बंद ठेवलं. बहिणीने विचारलं, तर गाडी धुताना पाणी गेलं असेल असं सांगितलं. ती म्हणाली, धुतली कुणी? मी म्हणालो, मग पाऊस. आठ दिवसांत पाऊस नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे, आणि तिनेही विषय वाढवला नाही. आमच्या घरात हे आम्हाला फार छान जमतं.

हवेच्या नळीने खड्डा कोरडा केला, नवा प्लग बसवला, नवी कॉइल लावली. किल्ली फिरवली आणि चारही सिलिंडर एका सुरात लागले. मी उगाच कॉलर ताठ केली. वडील पुढे आले, त्यांनी इंजिनावरून नजर फिरवली.

"ब्रेक ऑइल कमी होतं, काल भरलंय मी," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. डबीतली पातळी वरच्या रेघेला टेकली होती. झाकण उघडायचं काही कारण नव्हतं. बॉनेट त्यांनीच लावलं. भाच्यांनी हात हलवले आणि गाडी कोपऱ्यावरून वळली.

अर्धा तास मी दुसऱ्या एका गाडीच्या टायरशी झटत होतो. पण काहीतरी टोचत होतं. साबणपाणी भरायचं तोंड पुढे असतं, हेडलाइटजवळ. तिथे सांडलेलं पाणी तीन नंबरच्या खड्ड्यात कसं जाईल? ते सांडायला बाटली इंजिनावरून मागे न्यावी लागेल. मागे काय असतं? मागे ब्रेक ऑइलची डबी असते.

मी हातातला पाना टाकला आणि वडिलांच्या बाटल्यांच्या फळीपाशी गेलो. चार बाटल्या ओळीत होत्या. साबणपाण्याची जवळजवळ रिकामी. ब्रेक ऑइलची भरलेली, नवीकोरी, आणि तिच्या तोंडावरचं सील जसंच्या तसं होतं.

म्हणजे डबीत गेलं ते साबणपाणी. ब्रेकमध्ये पाणी असलं तरी सपाट रस्त्यावर काही कळत नाही. चढावरही नाही. लांब उतारावर ब्रेक तापतात, पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि मग पाय दाबला तरी पेडल नुसतं खाली जातं. हे मला वडिलांनीच शिकवलं होतं, याच फळीपाशी उभं करून.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. एका हाताने मोटरसायकलची किल्ली शोधत होतो, पण घाटमाथा चाळीस मिनिटांवर होता आणि तिला निघून पस्तीस झाली होती. सकाळी मला सगळं दिसलं होतं. वास नाकात गेला होता. बापाची लाज राखायला मी गप्प बसलो, आणि गाडीत दोन पोरं होती.

वडील स्टुलावर बसून माझी धावपळ बघत होते. त्यांनी विचारलं, कुणाला लावतोयस. मी सांगितलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं, कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं असं.

"नाही उचलणार ती," ते म्हणाले. "मीच शिकवलंय तिला. गाडी हातात असली की फोन डिकीत, बॅगेत. घरच्यांचा असला तरी नाही."