घोंगड्यावरचा आरसा

हे सगळं झालं ते २०१९ साली. त्या वर्षी धारूरच्या माळावर मोठ्या दुर्बिणीचा आरसा तयार झाला, आणि त्याच वर्षी तो नापास झाला. आता गावात कोणी त्याचं नाव काढत नाही.

मी कौशल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. आरसा घासणारी बबिता माझ्या धाकट्या भावाची, आप्पारावची मुलगी. आमचं घर मेंढपाळांचं. लहानपणी माझा पाय मोडला, मेंढरांमागे चालता येईना, म्हणून वडिलांनी मला शाळेत बसवलं. बाकी सगळं घर बालाघाटाच्या उतारांवर हिंडायचं. परळीच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून पहिल्यांदा धूर निघाला तो मी धारूरच्या किल्ल्यावरून पाहिला होता. शाळेच्या पोरांना म्हणाले होते, बघा, तिकडे वीज शिजते आहे. त्या काळी आमच्या घरातली मुलगी ताऱ्यांच्या दुर्बिणीचा आरसा करील, असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

बबिता भौतिकशास्त्र शिकली, मग परराज्यात राहून काच घासायची विद्या शिकली. मोहनराव आमच्याकडचे मोठे जमीनदार आणि पुढारी. त्यांच्या संस्थेच्या कॉलेजने कार्यशाळा काढली तेव्हा ती परत आली. जागा तिनेच निवडली. पूर्वी सरकी साठवायचं दगडी गोदाम, खाली अखंड काळा खडक, जवळ रेल्वे नाही, कारखाना नाही. लेझरने मोजायचं तर जमीन निश्चल हवी. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेने तिला चार फुटी आरशाचं काम दिलं होतं. हा पास झाला, तर पुढचे आरसे धारूरलाच होणार होते. नाही झाला, तर कार्यशाळा बंद. हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं.

काम असं चाले. आरसा घासायचा, धुवायचा, काच निवू द्यायची, मग वरच्या मचाणावरून लेझरचा लाल प्रकाश तिच्यावर सोडायचा. परत आलेल्या प्रकाशातून पडद्यावर पट्टे उमटत. पट्टे सरळ तर काच ठीक. वाकले तर तिथे काच उंच किंवा खोल. लेझर सांभाळायला परळीचा बिभीषण होता, बोलका आणि तापट.

एकदा आप्पाराव बघायला आला.

"किती बारीक मोजता म्हनं?"

"केसाचे हजार भाग केले, तर त्यातला एक, काका," बिभीषण म्हणाला.

आप्पारावने पागोटं काढून टक्कल दाखवलं. "मंग माझ्याकडून काय मदत व्हायची न्हाई."

"आप्पा, मदत करायची तर मेंढरं मागच्या वाटेनं न्या," बबिता म्हणाली. "ती गोदामावरून गेली की माझे पट्टे नाचतात."

त्या दिवसापासून त्याने लांबची वाट धरली. भेटेल त्याला सांगायचा, माझ्या लेकीच्या उजेडाला धक्का लागतो.

आरशाखाली परदेशातून आणलेली, हवा भरायची गादी होती. ती फुटली. नवी यायला कित्येक महिने लागणार होते, आणि मोहनरावांनी आरसा पाठवायची तारीख सभेत जाहीर करून टाकली होती. बबिताने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "काचकामात आरशाखाली लोकर घालतात. आपलं घोंगडं घालू."

आप्पाराव आणि त्याची बायको साखराबाई यांच्या आयुष्यात तेवढा आनंदाचा काळ दुसरा आला नसेल. साखराबाईने निवडून लोकर घेतली, पिंजली, सूत काढलं. आप्पारावने नेहमीपेक्षा रुंद माग लावला. विणून झाल्यावर साखराबाईने चिंचोक्याची खळ शिजवली आणि घोंगडं ताणून, कुंच्याने लांबीच्या बाजूने एकसारखी चोपडली. आमच्यात बिनखळीचं घोंगडं घराबाहेर देत नाहीत. बबिताने तळहाताने सगळीकडे दाबून पाहिलं. कुठे गाठ नाही, कुठे उंचवटा नाही. तिने ते फिरत्या पाटावर अंथरलं, वर प्लास्टिक घातलं आणि साखळीच्या यारीने आरसा उचलून अलगद ठेवला.

साखराबाईने काचेच्या कडेला हळदकुंकू लावलं. म्हणाली, "बबे, आता ह्याच्याखालचं घोंगडं हलवू नको. देव बसला की उठंपर्यंत हलवत न्हाईत."

आमच्या घरात बिरोबाच्या बैठकीला हाच नियम. बबिता हसून म्हणाली, "न्हाई हलवत, माय." तिला ते सोपंही होतं, कारण आरसा पुन्हा पुन्हा यारीने उचलणं धोक्याचं होतं.

पहिल्याच मोजणीत पट्टे वाकलेले निघाले. घोड्याच्या खोगिरासारखा आकार: एका बाजूने उचललेला, आडव्या बाजूने दबलेला. बिभीषण म्हणाला, "पाट फिरवून बघू. चूक यंत्रात असंल तर जागेवर राहील. काचेत असंल तर काचेबरोबर फिरंल."

पाट फिरवला. वाकलेले पट्टे आरशाबरोबर फिरले.

"काचेतच हाय," तो म्हणाला.

आणि बबिता ते काचेतून काढायला लागली. महिनोन्महिने. काच घासायच्या गुलाबी पावडरीने तिची नखं कायमची रंगली. मी डबा घेऊन जायची तेव्हा ती यंत्राशेजारी उभ्यानेच जेवायची. हळूहळू पट्टे सरळ होत गेले. दिवाळीच्या आधी एका दुपारी पडद्यावर पेरणीच्या तासांसारखे समांतर पट्टे उभे राहिले. बिभीषणने शिट्टी मारली. मोहनराव सीताफळांची पाटी घेऊन आले आणि फोटो काढून गेले.

आरसा पोचवायला ती मला सोबत घेऊन गेली. "आत्या, तू चल. मला शाळेत तूच नेऊन बसवलं होतंस."

त्या संस्थेची मोजणीची खोली मोठी, थंड, पांढरी. तिथल्या प्रमुख बाई माझ्याहून थोड्या लहान, शांत बोलणाऱ्या. दुर्बिणीत असतात तसेच धातूचे आधार त्यांनी तयार ठेवले होते. आरसा त्यांच्यावर बसवला. सकाळी अकराच्या सुमाराला लेझर लावला.

पट्टे वाकलेले होते. तेच खोगीर, पण उलटं. धारूरला पहिल्यांदा जिथे दबलेलं होतं तिथे आता उचललेलं.

"प्रवासात काही झालं का?" बाईंनी विचारलं.

"नाही," बबिता म्हणाली.

त्यांनी आरसा उचलून आधारांवर वळवून ठेवला. पुन्हा मोजलं. खोगीर आरशाबरोबर वळलं. बबिता काचेच्या कडेला गेली, हळदीचा पुसट डाग शोधला, पडद्याकडे पाहिलं. घोंगड्याची लांबी त्या डागाच्या दिशेने होती, आणि खोगीरही त्याच रेषेत होतं. मला काही कळलं नव्हतं, पण तिचा चेहरा मी पाहिला.

"आम्ही नुसता पाट फिरवला," ती हळू म्हणाली. "पाटाबरोबर घोंगडंही फिरलं."

"घोंगडं?"

मग तिने सगळं सांगितलं. खळ लांबीच्या बाजूने बसलेली, म्हणून घोंगडं त्या बाजूने ताठ आणि आडवं मऊ. काच त्याच्यावर एवढीशी वाकत होती, डोळ्याला कधी दिसली नसती. ती चूक काचेची समजून बबिताने काच घासली. चांगल्या काचेत तिने घोंगड्याची चूक उलटी कोरून ठेवली होती. एकदा जरी आरसा उचलून घोंगड्यावर वळवून ठेवला असता, तरी कळलं असतं.

तिथे चारपाच माणसं होती. कोणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"मला एक वर्ष द्या," बबिता म्हणाली. "मी आकार परत आणते."

बाईंनी आरशाच्या कडेवर हात ठेवला. "इतकी गुळगुळीत काच मी फार कमी वेळा पाहिली आहे. पण दुर्बिणीचा घुमट उभा आहे, मुदत संपली आहे. आम्हाला बाहेरून आरसा घ्यावा लागेल. हा तुम्ही परत न्या."

"आणि पुढचे?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

परतीच्या वाटेवर बबिता एकच बोलली. "मायला सांगू नको."

आरसा गोदामात उतरवला त्या दिवशी मोहनराव आले. दहावीस माणसं जमली होती. "मेंढराची लोकर आन् चांदण्याच्या गप्पा! मी कावून ह्यांच्या नादी लागलो?"

"साहेब, गादी आणून द्यायची व्हती तुमी," बिभीषण बोलला. "तारीख कोणी जाहीर केलती?"

"तू गप बे. घोंगडं अंथरून काय मोजत व्हते, म्हशीचं दूध?"

माणसं हसली. बबिता खाली बघून आरशावर आच्छादन बांधत राहिली. मी पुढे होऊन म्हणाले, "मोहनराव, पोरीनं तुमच्या संस्थेसाठी चार वर्षं घातली." ते म्हणाले, "बाई, तुमी वडील माणूस हायत, म्हणून ऐकून घेतो." आणि गाडीत बसून गेले.

घरी साखराबाईने विचारलं, "बसला का गं आरसा वर?"

"नाही, माय. माझं मोजमाप चुकलं."

पण बाजारात कोणीतरी तिला घोंगड्याचं सांगितलंच. ती माझ्याकडे आली, उंबऱ्यातच बसली. "वन्सं, मी हलवू नको म्हणलं नसतं तर?"

मी म्हटलं, "तसं काही नसतं गं."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उंबऱ्यावरची धूळ पुसत म्हणाली, "बबी मला कायबी म्हणत न्हाई. तिनं माझ्यावर रागवायला पायजे व्हतं." मग उठून गेली. त्यानंतर मायलेकी एका घरात राहिल्या, एका ताटात जेवल्या, पण दोघींना एकमेकींकडे बघवत नसे.

पुढच्या वर्षी कार्यशाळा बंद झाली. बिभीषण पुण्याला एका कंपनीत गेला. तिथे तो गाड्यांचे सुटे भाग मोजतो. मोहनराव निवडून आले. गोदामात आता त्यांचं सोयाबीन असतं, आणि आरसा मागच्या भिंतीला, पोत्यांच्या आड आहे. साखराबाई करोनाच्या दुसऱ्या लाटेत अंबाजोगाईच्या दवाखान्यात वारली. बबिताला आत सोडलं नाही. आप्पारावने मेंढरं विकली. तो दिवसभर पारावर बसतो, कोणी लेकीचं विचारलं तर ऐकू येत नाही असं दाखवतो. बबिता माजलगावला शिकवणी वर्गात गणित शिकवते. दोन ठिकाणांहून काचकामासाठी बोलावणं आलं होतं, ती गेली नाही. रविवारी मला तिचा फोन येतो. पाणी आलं का, गुडघा कसा आहे, एवढं विचारते. मी सगळं बरं आहे म्हणते. मग ती फोन ठेवते.