काळं तेल

"ड्रायव्हरनंच वाट लावली हो! दिवसभर क्लचवर पाय ठेवून बसायचा. काल हाकलला त्याला."

श्रीपाद साहेब गाडीभोवती फिरत कावत होते आणि दामू बोनेटखाली मान घालून ऐकत होता. माण तालुक्यातला हा गडी वीस वर्षांमागं गुरुग्रामला आला आणि टॉवरांच्या मधी उरलेल्या एका गावात पत्रा टाकून गाड्या दुरुस्त करू लागला. एका अंगाला मोहरीचं वावर, दुसऱ्या अंगाला उकिरडा, आणि वर थंडीतला खाकरायला लावणारा धूर. साहेब पलीकडच्या टॉवरातले, मूळचे पुण्याचे. मेकॅनिक मराठी निघाला तसं त्यांच्या तोंडाचं कुलूपच निघालं.

हाकललेला ड्रायव्हर म्हणजे नीरज. दामूपासनं दोनच घरं सोडून राहायचा. सकाळीच त्याची आई डोळं पुशीत येऊन गेलेली.

दामूनं क्लचचं पेडल दाबलं. चिखलात पाय रुतावा तसं ते खाली गेलं आणि वर यायचं नाव घेईना. चार डाव दाबल्यावर जरा टणक लागलं. पाय तसाच धरला तर पुन्हा बसत गेलं.

"क्लचची प्लेट गेली ना?"

"प्लेट ग्येली तर गाडी चढाला जोर धरत न्हाई, करपल्याचा वास मारती. ह्यो रोग तेलाच्या नळीतला हाय, सायेब."

गाडीखाली सरपटत जाऊन त्यानं बॅटरीचा उजेड मारला. गळती कुठंच नव्हती. मग त्यानं तेलाच्या डबीचं झाकण काढलं. झाकणाचं रबर भिजल्या हरभऱ्यागत फुगलेलं. आत पातळ मधासारखं दिसायचं ते तेल मोरीच्या गाळासारखं काळं. इंजेक्शनच्या सुईनं थोडं ओढून त्यानं काचेच्या बाटलीत टाकलं, वर पाणी घालून हलवलं आणि बाटली साहेबांपुढं धरली. पाण्यावर तेलाचा तवंग आला.

"ह्या डबीत घालायचं ब्रेकचं तेल पान्यात मिसळतं. ह्ये तरंगतंया. कुणीतरी इंजनाचं तेल ओतलंय. त्येनं आतली रबरं फुगली, आता दाब धरना."

"बघा! नीरजच तो. बिल्कुल अडाणी माणूस!"

दामू जॅक काढायला मागं गेला. डिकीत निम्मा रिकामा कॅन होता. इंजिन ऑईलचा.

"ह्ये कुनाचं?"

साहेबांनी घसा साफ केला. "ते... माझं. मागच्या रविवारी डबीतली लेव्हल कमी दिसली म्हणून मीच जरा... यार, शेवटी तेल ते तेलच ना?"

हात पुसायचं फडकं दामूनं भुईला आपटलं.

"चोर सोडून संन्याशाला सुळी! आवो, ह्याच डबीतनं ब्रेकला तेल जातं. आज क्लच बसला, उद्या ब्रेक बसला आसता. त्यो पोरगा तुमची लेकरं शाळंला न्हेत व्हता ह्याच गाडीतनं!"

"अच्छा, झालं ते झालं. तुम्ही रिपेअर करा ना पटकन."

"समदी रबरं बदलाया लागत्याल, ब्रेकचीबी. दीस जाईल. त्याआधी नीरजच्या दारात जायाचं आन् तोंडानं सांगायचं. न्हाईतर गाडी ढकलत न्ह्या."

साहेब गेले. शेणातनं बूट वाचवत, नाकाला रुमाल लावून गेले. दामू मागनं जाऊन उभा राहिला. साहेब दारात पुटपुटले, "नीरज, वो तेल... मुझसे हो गया था. कल से आ जाना."

दामूला वाटलं, आता हा पोरगा चार शब्द सुनावंल. नीरजनं हात जोडले.

"नहीं साहब, गलती मेरी ही होगी. मुझे चेक करना चाहिए था."

दामू तिथंच पचकन थुंकला आणि माघारी वळला.

दुपार कलेस्तवर त्यानं काळा गाळ उपसला, नळ्या धुतल्या, फुगलेली रबरं काढून नवी बसवली. आता नळीतली हवा काढायची, म्हणजे पेडलवर एक माणूस पाहिजे. नीरज न सांगता येऊन सीटवर बसला. दामू खालनं वरडू लागला, "दबा... पकड के रख... छोड!" नळीतनं आधी फेस आला, मग बुडबुडं, मग सोनेरी तेलाची धार लागली. पेडल टणक झालं.

साहेब खिडकीशी येऊन वाकले.

"आराम से दबा, नीरज. ऐसे ही खराब होता है क्लच."

"जी साहब," नीरज म्हणाला.

दामू गाडीखालनं बाहेर आला. हातात उपसलेल्या काळ्या तेलाचं टमरेल होतं. साहेबांचं त्याकडं लक्ष गेलं, तसे ते दोन पावलं मागं सरले.

"आनखी लांब," दामू म्हणाला. "तितं, उकिरड्यापाशी हुबा ऱ्हावा."