कॉइलवर ओतलेलं पाणी

माझा हात चटकन उठतो, हे सगळ्या उमरग्याला माहीत आहे. उठल्यावर त्याचा पस्तावाही होतो, पण तो मनातल्या मनात. रेवणप्पाच्या बाबतीत मात्र पूर्ण वर्षभर मला पस्तावा म्हणून झाला नाही.

रेवणप्पा माझ्या मोटारीचा ड्रायव्हर. जळकोटचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी, चैत्रात, माझी बायको शिवम्मा पोटदुखीनं तळमळायला लागली. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. सोलापूरला न्या, म्हणाले, वेळ घालवू नका. भर दुपारी निघालो. जळकोट मागं पडलं आणि नळदुर्गच्या अलीकडं गाडी बंद पडली. एखादा ट्रक मिळतो का बघायला मी सडकेनं वळणापर्यंत पळत गेलो. कुणी थांबेना. परत आलो तर शिवम्मा मागच्या सीटवर कोरड्या ओठांनी पडलेली, आणि रेवणप्पा आमचा पिण्याच्या पाण्याचा तांब्या इंजिनात उपडा करत होता.

"कॉइल तापली, मालक. तापली की इंजिनाला ठिणगी देत न्हाय," तो म्हणाला.

मी त्याच्या थोबाडीत दिली. गाडी लगेच चालू झाली, हे खरं. नळदुर्गात पाणी मिळालं, पण तोवर शिवम्माला गिळता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

रेवणप्पाला मी काढून टाकलं. मग एका मिस्त्रीला बोलावून सकाळी सकाळी कॉइल तपासून घेतली. ठिणगी निळी, जाड, अगदी ठणठणीत. झालं, माझी खात्री पटली. मरत्या बाईच्या तोंडचं पाणी यानं काढून घेतलं, असं मी बाजारात चार ठिकाणी बोललो. त्यानंतर रेवणप्पाच्या हाती कुणी गाडी दिली नाही.

यंदाच्या चैत्रात मी स्वतः गाडी चालवत नळदुर्गला निघालो होतो. तीच सडक, तेच ऊन. गाडी बंद पडली. बॉनेट उघडून कॉइलला हात लावला तर बोटं भाजली. बाभळीखाली तासभर बसलो. कॉइल निवली आणि गाडी पहिल्या दणक्यात चालू झाली. नळदुर्गला न जाता गाडी वळवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बॅटरी आणि कॉइल काढून ओसरीवर मांडली. लक्ष्मम्माअक्का, माझी थोरली बहीण, शिवम्मामागं घर तीच बघते. ती दारात येऊन उभी राहिली.

कॉइलची जाड वायर एका खिळ्याजवळ धरली. बारीक वायर बॅटरीला टेकवायची आणि चटकन उचलायची; उचलली की खिळ्यावर ठिणगी उडते. उडाली. टक्. मिस्त्रीनं एवढंच बघितलं होतं.

मग मी कॉइल चुलीशेजारच्या गरम राखेत ठेवली.

"चुलीपाशी लोखंड कशाला आणलंस रे?" अक्का करवादली.

हाताला चटका बसायला लागला तशी फडक्यानं धरून ओसरीवर आणली. वायर टेकवली, उचलली. काही नाही. दहा वेळा, वीस वेळा. काही नाही. तांब्यातल्या पाण्यात फडकं भिजवून कॉइलला गुंडाळलं, वरून पाण्याची धार धरली आणि थांबलो. पुन्हा वायर उचलली. टक्.

तीन वेळा तापवली, तीन वेळा निववली. तिसऱ्यांदा निववल्यावर ठिणगी पडू नये असं मला वाटत होतं. पडली.

"म्हंजे त्यो खरं बोलत हुता," अक्का म्हणाली आणि आत गेली.

त्याच दुपारी एस.टी.नं जळकोट गाठलं. दुसऱ्याच्या शेतात राबून रेवणप्पा नुकताच घरी आला होता. वाळला होता. मी कॉइल त्याच्यापुढं ठेवली, काय केलं ते सांगितलं. "माझं चुकलं," म्हणालो. "जिथं जिथं बोललो, तिथं तिथं जाऊन सांगेन. कामावर परत ये."

"एवढं सांग," मी म्हणालो, "तिनं पाणी मागितलं होतं का?"

रेवणप्पानं कॉइल उचलून हातात धरली.

"मागितलं हुतं. म्या तांब्या तोंडापाशी नेला. तवा मालकीणअव्वांनी इचारलं, गाडी कशानं चालू हुईल? म्या सांगितलं, थंड पाण्यानं. त्यांनी तोंड फिरवलं. म्हणल्या, 'मला नगं, गाडीला पाज. त्ये उन्हात पळायलेत.'"

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"म्या पाणी घेतलं म्हणून तुमी माज्यावर राग काढला, मालक. अव्वांनीच दिलं हे कळलं असतं, तर तुमी कुणावर काढला असता?"

मला रडू आवरलं नाही. त्याच्या बायकोनं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं आणून ठेवला. तांब्या उचलला, पण पाणी सांडत होतं. रेवणप्पानं पुढं होऊन तांब्याला खालून हात लावला.

"प्या," म्हणाला. "ऊन लई हाय."