ओल्या वाद्या

सकाळी खिडकीचा पडदा सारला आणि आभाळ बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. बंदराकडून राखाडी धुकं वर चढत होतं. खाली स्वयंपाकघरात माझी बहीण लोरेटा अंडी फेटत होती. म्हणाली, "पाऊस नाही येणार रे कॅझ, रेडिओवर सांगितलंय." रेडिओवाल्यांच्या बापाचं काय जातंय सांगायला.

एरवी मार्लो कॉलेज विरुद्ध टॉलिव्हर कॉलेज, लॅक्रोसचा सामना म्हटलं की मी सूर्याच्या आधी हिरवा कोट चढवून तयार. एकतीस वर्षांत एक सामना चुकवलेला नाही. लग्नाच्या दिवशी चर्चमधून सरळ मैदानावर गेलो होतो, आणि बायकोने ते मला ती जाईपर्यंत ऐकवलं. बाल्टिमोरमध्ये आमच्या गल्लीत माणूस आधी मार्लोचा असतो किंवा टॉलिव्हरचा, बाकीचं सगळं नंतर. पण त्या दिवशी कोटाची बटणं लावायला मला दहा मिनिटं लागली. बोटं वळत नव्हती, आणि हे घरात कुणालाही माहीत नव्हतं.

लोरेटाचा मुलगा जेरार्ड मार्लोचा आघाडीचा खेळाडू. शेवटचं वर्ष, टॉलिव्हरला हरवायची शेवटची संधी. मार्लोचे प्रशिक्षक मल्हर्न त्याला म्हणाले होते, हंगाम नीट पार पाड, सप्टेंबरपासून माझा साहाय्यक म्हणून लागशील. नाहीतर पोलादाचा कारखाना होताच. त्याच्या बापाचं फुप्फुस त्या कारखान्याने खाल्लं, म्हणून लोरेटा रोज रात्री मेणबत्ती लावून देवाला साकडं घालायची.

आणि जेरार्डची काठी, टोकाच्या जाळीत चेंडू झेलायची नि फेकायची, मी विणलेली. या शहरात निम्म्या काठ्यांची जाळी माझ्या हातची. तळघरात बसून तीस वर्षं तेच केलं. आता पोरं दुकानातून तयार नायलॉनची जाळी आणतात, पण ज्याला खेळ कळतो त्याला चामड्याच्या वाद्याच लागतात. वादी कोरी वापरायची नसते. रात्रभर भिजवायची, खाली लोखंडाचं वजन बांधून दोन दिवस टांगायची, ताणून ताणून तिचा जीव काढायचा, मग विणायची. अशी वादी पुढे ओली झाली तरी हलत नाही, कोरी मात्र सैल पडून खाली उतरते. फक्त ती तारेसारखी कडक असते आणि ओढायला बोटांत ताकद लागते.

माझ्या बोटांत ती उरली नव्हती. सामन्याच्या चार दिवस आधी जेरार्ड काठी घेऊन आला तेव्हा मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गाठ सुटली. मग मी कोऱ्या, मऊ वाद्या घेतल्या. लोण्यासारख्या ओढल्या गेल्या. जाळी दिसायला देखणी झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, एप्रिल कोरडा चाललाय, कुणाला कळतंय. काठी देताना त्याने विचारलं, "मामा, वाद्या ताणल्यात ना?" मी म्हणालो, "तू मला शिकवणार का आता?"

धुकं मैदानावर आलं आणि पहिल्या सत्रातच त्याची भुरभुर झाली.

मी कुंपणाला माझ्या नेहमीच्या जागी, हात कोटाच्या खिशात घालून. शेजारी व्हर्नन, बंदरावरचा जुना हमाल. त्याच्या दोन्ही पोरांच्या काठ्या मीच विणल्या होत्या. पलीकडे टॉलिव्हरवाले निळ्या टोप्या घालून ओरडत होते, "मार्लोवाल्यांनो, गेल्या वर्षीचं रडणं संपलं का?" व्हर्नन परत ओरडला, "तुमच्या आईला विचारा, तिनेच रुमाल दिला होता." लोक हसले. मी हसलो नाही.

कारण मी टॉलिव्हरच्या प्रशिक्षकाकडे बघत होतो. हॉलिस ट्रेंट. हा हॉलिस वीस वर्षांचा असताना माझ्या तळघरात बसून विणायला शिकला होता. माझी गाठ तो अंधारात ओळखेल. जेरार्डने पहिला गोल केला तेव्हा सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं आणि हॉलिस काठीकडे. मग त्याने आभाळाकडे बघितलं. मग परत काठीकडे. आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

लॅक्रोसमध्ये गोल झाल्यावर समोरचा प्रशिक्षक काठी तपासायला लावू शकतो. पंच चेंडू जाळीत ठेवतो, काठी डोळ्यासमोर आडवी धरतो. चेंडूचा माथा आणि काठीच्या कडेची खालची धार यांच्यामधून उजेड दिसला, तर जाळी जास्त खोल. गोल रद्द, खेळाडू बाहेर, आणि त्याच्या नावावर लबाड असा शिक्का. खोल जाळीतून चेंडू कुणाला हिसकावता येत नाही, म्हणून मुद्दाम खोल करणारे असतात. शहाणा प्रशिक्षक पहिल्या गोलाला तपासणी मागत नाही. तो निर्णायक गोलापर्यंत थांबतो.

हॉलिसला थांबायला मीच शिकवलं होतं. गाठ मारायच्या आधी वादी स्थिर होऊ दे, घाई करू नको, असं रोज सांगायचो.

दुसऱ्या सत्रात जेरार्डने आणखी दोन गोल केले. प्रत्येक गोलानंतर व्हर्नन माझ्या पाठीत गुद्दा घालायचा आणि मी हॉलिसच्या हाताकडे बघायचो. हात घडीतच. पाऊस काही थांबेना. जेरार्डची जाळी खाली उतरत होती. इतरांना दिसत नसेल, मला दिसत होती. चोराच्या मनात चांदणं.

मध्यंतरात संघ कुंपणाजवळून आत चालला होता. जेरार्ड माझ्यासमोर थांबला. केसांतून पाणी गळत होतं.

"मामा, जाळी ओली झालीय. जड लागतेय. दुसरी घेऊ का, नायलॉनची?"

घे म्हणायचं होतं. एवढंच. पण मी तोंड उघडायच्या आत व्हर्नन बोलला, "अरे येड्या, ही कॅझच्या हातची आहे. जगबुडीत नोहाच्या नावेत घेऊन बसलास तरी सैल पडायची नाही." कुंपणाला टेकलेली दहा-बारा माणसं माझ्याकडे बघून माना डोलवायला लागली. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी माझी एक तरी काठी होती.

"माझी वादी सैल पडत नसते," मी म्हणालो. "जा, खेळ."

तो गेला. देवाशप्पथ सांगतो, त्याला परत हाक मारावी असं मला वाटलं, पण मी मारली नाही.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा नऊ-नऊ. जेरार्डने चेंडू उचलला, टॉलिव्हरच्या दोघांनी त्याच्या काठीवर सपासप वार केले, चेंडू जागचा हलला नाही. तसा तो हलायला हवा होता. तो वळला, झुकला आणि खालच्या कोपऱ्यात मारला. दहा. हिरवे कोट एकमेकांवर पडले, व्हर्नन रडायलाच लागला.

हॉलिसने हाताची घडी सोडली आणि पंचांना बोलावलं.

पंच जेरार्डपाशी गेला, काठी घेतली, चेंडू जाळीत ठेवला आणि डोळ्यासमोर धरली. मी साठ पावलांवर होतो, तरी मला तिथून उजेड दिसला. बोटभर.

गोल रद्द. जेरार्ड बाहेर. मार्लोचा एक माणूस कमी, त्यात चार सेकंद उरले असताना टॉलिव्हरने गोल केला आणि सामना संपला.

मल्हर्न मैदानातच, कुंपणाजवळ, जेरार्डसमोर उभे राहिले. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"ही जाळी कुणी खोल केली?"

जेरार्डने कुंपणाकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या खिशांकडे. दिवसभर एकदाही बाहेर न आलेल्या हातांकडे. पोराला तेव्हा कळलं.

"मी," तो म्हणाला. "काल रात्री मीच सैल केली."

मल्हर्ननी टोपी काढली, परत घातली. "सप्टेंबरचं विसर," म्हणाले.

मागून कुणीतरी थुंकलं. "लबाड कुठला," व्हर्नन म्हणाला. त्याच व्हर्ननने दहा मिनिटांपूर्वी डोळे पुसले होते.

मग मी कुंपण ओलांडलं. या वयात. गुडघा फुटला, पण मी मल्हर्नसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "पोर खोटं बोलतंय. वाद्या मी ताणल्या नाहीत. कोऱ्या विणल्या. माझे हात गेलेत, मल्हर्न. मध्यंतरात त्याने विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो."

मल्हर्ननी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कॅझ, तुमची जाळी मला माहीत नाही का? मामा आहात, पाठीशी घालणारच. पण नका घालू. असंच बिघडतात मुलं."

मी हात खिशातून काढून त्यांच्यापुढे धरले. ते थरथरत होते, बोटं वाकडी, सांधे सुजलेले.

"गारठलाय बिचारा," व्हर्नन मागून आला आणि माझ्या हातात गरम कॉफीचा पेला कोंबला. तो मला धरवेना, कॉफी सांडली. कुणी तरी म्हणालं, धक्का बसलाय त्यांना, घरी न्या. हॉलिस तिकडून बघत होता. त्या मैदानावर खरं ओळखणारा तो एकटाच होता, आणि तो आपल्या पोरांकडे वळला.

जेरार्ड हेल्मेट हातात घेऊन एकटाच फाटकाकडे चालला होता. संघातलं कुणी त्याच्या बरोबर नव्हतं. लोरेटा छत्री घेऊन फाटकाशी उभी होती, आणि तिला अजून काहीच कळलेलं नव्हतं.

मी निघालो तसे मल्हर्न मागून म्हणाले, "पुढच्या हंगामाच्या काठ्या सोमवारी पाठवतो, कॅझ. चौदा आहेत. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही मी."